शेवट पडलाय म्हणे

पुस्तक २१२ व्या पानावर उघडं होतं आणि शेजारच्या खुर्चीतल्या काकांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. हिसकावलं नाही. हिसकावलं असतं तर निदान भांडता आलं असतं. नुसतं "बघू" म्हणाले आणि घेतलं. खुणेचा कागद खाली पडून त्यांच्या चपलेखाली गेला. पान धरून ठेवायला मध्ये बोट घालण्याचीही तसदी त्यांनी घेतली नाही. जागा म्हणाल तर नंबर पुकारेपर्यंत ताटकळण्याची, जिथे माणसं भिंतीवरच्या सूचनासुद्धा शेवटच्या सहीपर्यंत वाचून काढतात. काकांना मात्र माझंच पुस्तक वाचायचं होतं. वाचायचं कसलं, तपासायचं होतं.

तपासणीची पद्धत पक्की होती. आधी तळहातावर तोलून वजन घेतलं. मग थेट शेवटचं पान. "सहाशे आठ!" हे त्यांनी अशा आवाजात जाहीर केलं की समोरच्या रांगेतल्या दोघांनी घाईघाईने आपापले नंबर पाहिले. मग पुस्तक उलटं करून मलपृष्ठावरचा लेखकाचा फोटो हातभर लांब धरून न्याहाळला. "तब्येत बरी दिसत नाही," असा शेरा मारला. फोटोखालचा मजकूर मोठ्याने वाचायला घेतला आणि दीड ओळीनंतर "वगैरे वगैरे" म्हणून स्वतःच संपवला.

"छान आहे का?"

"वाचतेय अजून."

"म्हणजे छान नाहीये."

"तसं नाही काका, अजून पूर्ण..."

"छान असतं तर संपलं असतं."

या तर्काला उत्तर नसतं. मी हात पुढे केला. काकांनी त्याचा अर्थ मी मुद्दा मान्य केला असा घेतला आणि पुस्तक दुसऱ्या मांडीवर ठेवलं. मग जरा जवळ सरकून, एखाद्या स्थळाची खाजगी माहिती द्यावी तशा आवाजात म्हणाले, "शेवट पडलाय म्हणे."

"असं?"

"साफ पडलाय. तो डॉक्टर येतो ना त्यात?"

डॉक्टर आला होता. २०९ व्या पानावर आला होता. त्याला येऊन तीन पानं झाली होती, आणि भर पावसातून आलेल्या त्या माणसाने अजून अंगातला ओला कोटसुद्धा काढला नव्हता.

"तो मरतो," काका म्हणाले.

"अहो काका!"

"काय झालं? तुम्ही तिथवर नाही आलात का अजून? मग इतका वेळ काय वाचत होतात?" आणि माझा चेहरा पाहून त्यांनी समजूतही काढली, "लगेच नाही मरत. बराच वेळ चालतं ते."

समोरच्या बाईंनी मान वर केली. "कुठलं हो? ते निळ्या कव्हरचं? त्यातला डॉक्टर मरतो? कालच मागवलंय मी ते. अजून घरी यायचंय."

"मग परत करा," काका म्हणाले. "वरचं प्लॅस्टिक फोडलं नसेल तर घेतात परत."

"तुम्ही वाचलंय का पण?"

हा प्रश्न खरं तर मी विचारायला हवा होता. पण मी अजून त्या ओल्या कोटाचं सुतक पाळत होते.

"मी? नाही बुवा, मी कादंबऱ्या वाचत नाही. माझ्या भाचीनं वाचलंय. म्हणजे अर्धं सोडलं तिनं. पण तिच्या ऑफिसातल्या एकीनं पूर्ण ऐकलंय."

"ऐकलंय?"

"कानात घालून. दीडच्या स्पीडनं. रात्री झोपताना ऐकते ती. शेवटी शेवटी झोप लागली म्हणाली."

"म्हणजे शेवट नाही पडला," बाई म्हणाल्या. "त्या पडल्या."

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. काकांनी फक्त आवाज वाढवला. "साडेतीन! पाचापैकी साडेतीनच्या वर नाही ते पुस्तक." तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला. उठता उठता त्यांनी पुस्तक चाळलं, "कुठे होतात तुम्ही?" असं मला विचारलं, उत्तराची वाट न पाहता ४३१ व्या पानाचा कोपरा चांगला दाबून दुमडला आणि माझ्या हातात देत म्हणाले, "इथून वाचलंत तरी चालेल."

यात एवढं चिडण्यासारखं काय, हा प्रश्न मला नंतर विचारला गेला. विचारणारे लोक असे की ज्यांच्या पानाचा कोपरा कुणी दुमडलेला नाही. डॉक्टर मेला त्याचं मी मनावर घेतलेलं नाही. शास्त्रच पाहिलं तर काकांची एक बाजू आहे. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये १२ लघुकथा घेऊन प्रयोग केला. काही वाचकांना शेवट आधीच सांगून टाकला, काहींना नाही. शेवट ठाऊक असलेल्यांनाच कथा सरासरीने जास्त आवडल्या, अगदी रहस्यकथासुद्धा. डोकं 'पुढे काय होणार' यात अडकत नाही, म्हणून बाकीचं नीट दिसतं, असं त्यामागचं एक कारण सांगतात. २०१५ मध्ये जॉन्सन आणि रोझेनबॉम यांच्या प्रयोगात नेमकं उलटं निघालं. शेवट फुटलेल्या कथा कमी रंगतदार वाटल्या. मी अर्थातच २०१५ च्या बाजूची आहे. काकांना २०११ चा प्रयोग माहीत नाही हे नशीब, नाहीतर त्यांनी मला फी मागितली असती.

चीड आहे ती वेगळ्याच गोष्टीची. पुस्तकाबद्दल मत देणारा माणूस ते मत कोणत्या पानावरून देतोय हे सांगत नाही. कुठलंही मोजमाप सांगताना आपण एकक सांगतो. पुस्तकाचं मत मात्र मोकळं, बिनएककाचं फिरत असतं. 'फारच संथ आहे.' कुठे संथ आहे? पहिल्या ४० पानांत प्रत्येक जाड कादंबरी संथ असते, कारण तिला माणसं आणि घरं उभी करायची असतात. 'मध्ये रेंगाळते.' मध्ये म्हणजे २५० वर की ४०० वर? 'भाषा रुक्ष आहे.' कुणाची, लेखकाची की अनुवादकाची? अनुवादकाचं नाव विचारा, दहातले नऊ जण कव्हर शोधायला लागतील. इंटरनॅशनल बुकर पारितोषिकाची रक्कम २०१६ पासून लेखक आणि अनुवादकात निम्मी निम्मी वाटली जाते. दोष वाटताना मात्र अनुवादकाच्या वाट्याला सगळाच येतो आणि श्रेय देताना तो घरातच नसतो.

काकांच्या साखळीचा हिशेब मांडून बघू, कारण आकडे मांडले की माझा रक्तदाब खाली येतो. पुस्तक ६०८ पानांचं. सोळा पानांचा एक फर्मा (म्हणजे छापून दुमडलेला एक मोठा कागद) धरला तर बरोबर ३८ फर्मे. पुस्तक अख्ख्या फर्म्यांतच छापलं जातं, म्हणूनच जाड पुस्तकांच्या शेवटी कधीकधी दोन-चार कोरी पानं राहतात, ती लेखकाला काही सुचलं नाही म्हणून नव्हे. (आणि 'शेवट पडला' म्हणणाऱ्यांतले काही लोक ती कोरी पानंही हिशेबात धरत असावेत असा मला दाट संशय आहे.) पानाला सरासरी २७० शब्द धरले तर होतात सुमारे १ लाख ६४ हजार शब्द. ब्रिसबार्ट या बेल्जियन मानसशास्त्रज्ञाने २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र करून इंग्रजी मनात वाचण्याचा सरासरी वेग काढला. माहितीपर मजकुराला मिनिटाला २३८ शब्द आणि कथा-कादंबरीला २६०. (कादंबरी वेगाने वाचली जाते कारण तिच्यातले शब्द सरासरीने आखूड असतात, वाचक हुशार असतो म्हणून नाही.) म्हणजे हे पुस्तक २६० च्या वेगानेही सलग साडेदहा तासांचं काम. ऐकायचं तर ध्वनिपुस्तकांच्या धंद्यात तासाला ९,३०० शब्द असा हिशेब धरतात, म्हणजे साडेसतरा तासांच्या थोडं वर. दीडपट वेगाने पावणेबारा तास. भाचीच्या ऑफिसातल्या त्या बाईंनी हे झोपण्यापूर्वी रोज अर्धा तास ऐकलं असेल, तर साडेतीन आठवड्यांच्या झोपेतून गाळून आलेलं मत होतं ते. तिथून भाचीकडे, भाचीकडून काकांकडे आणि काकांकडून माझ्या मांडीवर.

ऐकणं म्हणजे वाचणं का, या भांडणात मी पडणार नाही. माझ्या मते ते वाचणंच. फक्त सांगताना 'ऐकलं, दीडपट, झोपताना' असं सांगावं. ऐकताना मागचं परिच्छेदभर पुन्हा वाचणं जमत नाही. जमतं, पण कुणी करत नाही, कारण पंधरा सेकंद मागे जाणारं बटण दाबलं की ते वाक्याच्या मधोमध नेऊन सोडतं. नावं ऐकू येतात, स्पेलिंग दिसत नाही. परभाषेतल्या कादंबरीतली एकाच अक्षराने सुरू होणारी दोन माणसं कानाला एकच वाटतात. 'पात्रं लक्षात राहत नाहीत' हे मत ऐकणाऱ्यांकडून जास्त येतं ते यामुळे. पुस्तकाचा यात काडीचाही दोष नसतो.

पान क्रमांक सांगा म्हटलं की लगेच कुणीतरी म्हणतं, "मी ई-बुकवर वाचतो, तिथे पान नसतं, टक्के असतात." टक्के चालतील. पण टक्क्यांची एक गोम आहे, ती समजून घ्यावी. शंभर टक्क्यांत सगळंच येतं. टिपा, सूची, ऋणनिर्देश आणि त्याच लेखकाच्या पुढच्या पुस्तकातलं मोफत प्रकरण. संशोधनपर जाड पुस्तकाचा मजकूर कधीकधी ७० टक्क्यांनाच संपतो. वाचक ६८ टक्क्यांवर असतो, अजून तिसरा भाग शिल्लक आहे अशा समजुतीत निवांत टेकलेला, आणि पुढचा स्पर्श करताच एकदम संदर्भसूची. 'शेवट अचानक गुंडाळलाय' या मताचा उगम बरेचदा इथे असतो. छापील पुस्तकात उजव्या हाताखालची पानं पातळ होत जातात आणि शरीराला आपोआप कळतं की आता आवरायला लागलंय. पडद्यावर ती सोय नाही. म्हणून ई-बुक सुरू करतानाच अनुक्रमणिका उघडून शेवटचं प्रकरण किती टक्क्यांना संपतं ते बघून ठेवावं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

छापील प्रतींतही पान क्रमांक जुळत नाहीत हा दुसरा आक्षेप, आणि तो बरोबर आहे. पुठ्ठा बांधणीची प्रत वेगळी, कागदी बांधणीची वेगळी. अक्षर एका पॉइंटाने मोठं केलं आणि ओळींत हवा सोडली की चारशे पानांचं पुस्तक पाचशेला सहज जातं. म्हणून पानाबरोबर प्रकरण सांगावं. 'प्रकरण १४, डॉक्टर नुकताच आलाय.' एवढ्यावर समोरच्याला कळायला हवं की तोंड बंद ठेवायचं.

आवृत्तीचंही असंच. "विसावी आवृत्ती आहे, म्हणजे पुस्तक चांगलंच असणार," असं म्हणणारे लोक एका आवृत्तीत प्रती किती काढल्या हे विचारत नाहीत. पाचशेच्या वीस आवृत्त्या आणि पाच हजारांच्या दोन, बेरीज सारखीच. कव्हरवर मात्र पहिलीच दिसते. शिवाय मजकुरात काही बदल न करता पुन्हा छापलं तर ते पुनर्मुद्रण, आवृत्ती नव्हे, आणि पुनर्मुद्रणाला नवा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, लागत नाही. पहिलं पान उलटून मागे छापलेल्या बारीक अक्षरांत हे सगळं असतं. काकांनी नेमकं तेवढंच पान तपासलं नाही.

आता त्या साडेतीनकडे. पाच ताऱ्यांच्या हिशेबाने एका पिढीचं डोकं फिरवलंय. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर प्रत्येक ताऱ्याचा अर्थ लिहून ठेवलाय. एक म्हणजे आवडलं नाही, दोन म्हणजे ठीक, तीन म्हणजे आवडलं, चार म्हणजे खूपच आवडलं, पाच म्हणजे अफलातून. म्हणजे तीन तारे ही सरळ दाद आहे. अॅमेझॉनवर हेच तीन तारे 'टीकात्मक' परीक्षणांच्या कप्प्यात जाऊन पडतात. एकाच वाचकाचं एकच मत, एका दारात कौतुक आणि दुसऱ्या दारात तक्रार. आणि अर्धा तारा! गुडरीड्सच्या वाचकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं गळा काढला. मग लोक मजकुरात लिहायला लागले, 'खरे ३.५, पण वर ढकलून ४.' स्टोरीग्राफ नावाच्या दुसऱ्या ठिकाणी पाव ताऱ्याचीही सोय आहे. पुस्तक ३.७५ आवडलं म्हणजे नेमकं काय झालं, हे मला कुणीतरी शांतपणे बसवून समजावून सांगावं. अॅमेझॉनवर तर पॅकिंग फाटकं आलं म्हणून एक तारा देणारे आहेतच. लेखकाने तीन वर्षं खपून कादंबरी लिहायची आणि निकाल खोक्याच्या चिकटपट्टीवर लागायचा.

सरासरीवरही फार विसंबू नये. मुळात जो पुस्तक घेतो त्याला ते आवडण्याची शक्यता जास्त, आणि जो घेऊन लिहायला बसतो तो एकतर भारावलेला असतो नाहीतर खवळलेला; मधले, ज्यांना 'बरं होतं' एवढंच म्हणायचंय, ते लिहीत नाहीत. म्हणून आलेख काढला तर एका टोकाला भलामोठा ढीग, दुसऱ्या टोकाला छोटा आणि मध्ये खड्डा. आणखी एक गंमत आहे. कोवाच आणि शार्की या दोघांनी २०१४ मध्ये ६४ पुस्तकांची ३८,८१७ वाचक-परीक्षणं तपासली. मोठं पारितोषिक मिळालेली पुस्तकं आणि त्याच यादीत येऊन हुकलेली पुस्तकं त्यांनी शेजारी ठेवली. पारितोषिक जाहीर झाल्यावर जिंकलेल्या पुस्तकाची सरासरी हुकलेल्यापेक्षा जास्त घसरते. कारण उघड आहे. एरवी ज्यांनी ते हातात घेतलं नसतं असे लोक 'जिंकलंय म्हणे' म्हणून घेतात, आणि मग त्यांना ते आपल्या पठडीतलं नाही म्हणून राग येतो. उलट बाजूही आहे. बर्जर आणि मंडळींनी २०१० मध्ये दाखवलं की अनोळखी लेखकाच्या पुस्तकाला वर्तमानपत्रात झोडपणारं परीक्षण आलं तरी विक्री ४५ टक्के वाढली. नाव तरी कळलं लोकांना. म्हणजे काकांनी त्या खोलीत जाहीर निंदा करून लेखकाचं भलंच केलं असेल. माझं नाही केलं.

मत देणाऱ्यांनी पुस्तक खरंच वाचलंय का, हे तपासायचे प्रयत्नही झाले आहेत. १९८५ मध्ये मायकल किन्स्ली या अमेरिकी संपादकाने सहकाऱ्याला वॉशिंग्टनच्या दुकानांत पाठवून, ज्यांच्याबद्दल शहरातला प्रत्येक जण बोलत होता अशा पुस्तकांच्या सुमारे ७० प्रतींत खोलवर चिठ्ठ्या घालून ठेवल्या. 'हे सापडलं तर फोन करा, पाच डॉलर मिळतील.' एकही फोन आला नाही. पुढे २०१४ मध्ये जॉर्डन एलेनबर्ग या गणितज्ञाने हेच घरबसल्या केलं. किंडलवर वाचक ज्या ओळी सगळ्यांत जास्त अधोरेखित करतात त्यांतल्या पाच घ्यायच्या, त्यांच्या पानांची सरासरी काढायची, एकूण पानांनी भागायचं. लोक शेवटपर्यंत पोचत असतील तर खुणा पुस्तकभर पसरलेल्या असणार. सुरुवातीलाच गळाले तर सगळ्या खुणा पहिल्या प्रकरणात. स्टीफन हॉकिंग यांच्या 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम' या पुस्तकाला मिळाले ६.६ टक्के, आणि त्यांचंच नाव या मापाला दिलं गेलं. पिकेटी या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाच्या संपत्तीच्या वाटपावरच्या सातशे पानांच्या ग्रंथाला २.४. एलेनबर्ग स्वतःच म्हणाले की हे गंभीरपणे घेऊ नका. मी घेतलं. सातशेचे २.४ टक्के म्हणजे १७ वं पान. सतराव्या पानावरून माणसं संपत्तीच्या वाटपावर तासभर बोलली आहेत, मी ऐकलेलं आहे.

अर्धं सोडलेल्या पुस्तकाबद्दल बोलूच नये असं मात्र मी म्हणत नाही. सोडण्याचा हक्क पवित्र आहे. दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले, त्यात न वाचण्याचा पहिला, पानं गाळण्याचा दुसरा आणि न संपवण्याचा तिसरा. नॅन्सी पर्ल या सिअॅटलच्या ग्रंथपालबाईंनी तर सूत्रच दिलंय. तुमचं वय पन्नासपर्यंत असेल तर पुस्तकाला ५० पानं द्या, त्यात जमलं नाही तर सोडा. पन्नास ओलांडलेल्यांनी १०० मधून आपलं वय वजा करायचं आणि तेवढीच पानं द्यायची, कारण उरलेला वेळ कमी असतो. बहात्तरीच्या माणसाला २८ पानं. शंभरी गाठली की कव्हर पाहून मत द्यायला तुम्ही मोकळे, हे पर्लबाईंनीच म्हटलंय. काका शंभरचे दिसत नव्हते. 'सोडलं, पान ६०, माणसं कागदी वाटली' हे मत मला पूर्ण वाचून दिलेल्या 'छान आहे' पेक्षा कितीतरी उपयोगी वाटतं. साठाव्या पानापर्यंत माणसं उभी राहिली नाहीत, एवढं त्यातून नक्की कळतं. पिएर बायार या फ्रेंच प्राध्यापकाने २००७ मध्ये न वाचलेल्या पुस्तकांबद्दल कसं बोलावं यावर अख्खा ग्रंथ लिहिला आणि त्यात आलेल्या पुस्तकांना खुणा लावल्या. अनोळखी, चाळलेलं, ऐकीव आणि वाचून विसरलेलं, असे चार वर्ग. सरळ 'वाचलेलं' असा वर्गच ठेवला नाही. भामटेपणाचा ग्रंथ, पण एकक सांगण्याच्या बाबतीत काकांपेक्षा शंभरपट प्रामाणिक. काकांनी 'ऐकीव' एवढा एक शब्द म्हटला असता तर मी डॉक्टरला जिवंत धरून पुढे वाचू शकले असते.

सगळ्यांत जास्त बिनएककाची मतं वाचनगटात सापडतात. महिन्यातून एकदा लोक जमतात, एक पुस्तक ठरलेलं असतं, आणि आरंभीच कुणीतरी म्हणतं, "कसं वाटलं सगळ्यांना?" इथेच घात होतो. ज्याने वाचलेलं असतं तो विचार करत असतो, कारण वाचलेल्या पुस्तकाबद्दल चटकन बोलता येत नाही. ती फट पान ३५ वाला भरून काढतो. तो बोलतो, जोरात बोलतो, लेखकाच्या मुलाखतीवर बोलतो, पुस्तकावरून निघालेल्या मालिकेवर बोलतो आणि त्याला लवकर निघायचं असतं. यावर उपाय साधा आहे. पहिली फेरी फक्त पानांची ठेवावी. प्रत्येकाने प्रकरण आणि पान सांगायचं, मत एक अक्षर नाही. दहा माणसांना दोन मिनिटं पुरतात. मग कमी पानांवाले आधी बोलतील आणि फक्त तिथपर्यंतच बोलतील. अर्ध्या तासानंतर शेवट उघडा करायचा, तेव्हा ज्यांना ऐकायचा नसेल त्यांनी उठून जायचं. पुस्तक ३०० पानांच्या आतलं असावं, मध्ये निदान पाच-सहा आठवडे असावेत, आणि अनुवाद असेल तर सगळ्यांनी एकाच अनुवादकाचा घ्यावा, नाहीतर दोघं एकाच उताऱ्यावर भांडत बसतात आणि उतारे दोन निघतात.

तीनशे पानांची अट मात्र कुठेच टिकत नाही. पुढचं पुस्तक हात वर करून ठरतं, आणि ज्यांनी याही वेळी वाचलेलं नसतं त्यांना नऊशे पानांच्या ग्रंथाची धास्ती वाटायचं काही कारण नसतं. ते दोन्ही हात वर करतात. म्हणून मागच्या पुस्तकात निदान शंभर पानं झालेल्यांनाच मतदान करू द्यावं, असं मी सुचवत असते. त्यावर दरवेळी एकच आक्षेप येतो, की मग गणसंख्या भरणार नाही.